ऐरण किलोच्या भावानं

गेल्या रविवारी आमच्या शेडवर चार पाहुणे आले. इंजिनिअरिंगची मुलं, कुणाकडून तरी कळलं होतं की एक काका घरामागं भट्टी लावून लोखंड ठोकत बसतात. मुलांनी भट्टी बघितली, ट्रकच्या ब्रेक ड्रमला खालून पाइप जोडून ती कशी केली ते वाकून बघितलं, भिंतीवरच्या सांडश्या मोजल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, हे सगळं भंगारातून? म्हणजे फुकटच की!"

आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, छाती फुगवून म्हणालो, "जवळजवळ फुकटच."

मुलं गेल्यावर या उत्तराची लाज वाटायला लागली. अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

हौशी लोहारकामाचा नाद ज्याला लागतो तो आधी परदेशी व्हिडिओ बघतो. मीही बघितले. त्यातला दाढीवाला गोरा माणूस जुन्या गाड्यांच्या माळरानात जातो, हवं ते उचलतो, आणि अर्ध्या तासात सुरी तयार. भाव विचारताना तो कधी दिसत नाही. आपल्याकडचे हौशी गडी हाच मंत्र घोकतात. 'झिरो बजेट वर्कशॉप', 'कचऱ्यातून कला'. असले शब्द ऐकले की आता माझ्या डोक्यात घण पडतो.

मुळात कोल्हापुरात लोखंड रस्त्यावर पडलेलं नसतं. उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत नुसत्या फौंड्र्या आहेत, आणि फौंड्रीची भट्टी भंगार खाते. गंजका पत्रा, तुटकी सळी, लेथची किसं, सगळ्याला गिऱ्हाईक आहे आणि सगळ्याचा रोजचा दर आहे. तेव्हा 'आम्ही टाकाऊ वस्तू वाचवतो, पर्यावरणाला मदत करतो' ही बढाई निदान या गावात तरी मारू नये. तुम्ही उचलला नसता तर तो तुकडा वितळून चार महिन्यांत कुठल्यातरी ट्रॅक्टरचा भाग होऊन रस्त्यावर आला असता. वाचवलंत काय?

त्यात आणखी एक गंमत. लोखंडाचं गाव म्हणून मिरवणाऱ्या कोल्हापुरात सगळ्यात जास्त दिसतं ते बीड, आणि बीड लोहाराच्या काही कामाचं नाही. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर, साधारण तीन-साडेतीन टक्के. ओतायला उत्तम, ठोकायला गेलं की बिस्किटासारखं फुटतं. पहिल्या महिन्यात मी हौसेनं बिडाचा एक जाड तुकडा लाल करून ऐरणीवर घेतला. दुसऱ्या घावाला त्याचे तीन तुकडे झाले आणि एक माझ्या चपलेवर आला. (तेव्हापासून बूट.) बिडाचा उपयोग एवढाच झाला की ब्रेक ड्रमची भट्टी झाली.

लोहाराला लागतं ते वेगळं. ट्रकचे पाटे, कारण त्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन असतो आणि ते पाणी धरतं. झिजलेल्या कानशी, त्यात एक टक्क्याच्या आसपास. बेअरिंगच्या रिंगा. हे ओळखायचं कसं? ग्राइंडरवर टेकवून ठिणगी बघायची. साध्या लोखंडाची ठिणगी लांब सरळ रेघ सोडते, कार्बन वाढला की ती टोकाला फुटून फुलबाजीसारखी पसरते. पण माझा भंगारवाला ग्राइंडर लावत नाही. तो हातोडीनं टकटक करतो, आवाज ऐकतो आणि बीड इकडं, पाटा तिकडं टाकतो. शाळा चौथीपर्यंत. मला धातूंबद्दल जे काही कळतं त्यातलं निम्मं त्याच्या वजनकाट्याशेजारी उभं राहून कळलंय. 'सगळं स्वतः शिकलो' असं जे मी मुलांना सांगतो, त्यात हा माणूस कुठंच नसतो.

मग येते रुळाची गोष्ट. ऐरण परवडत नसेल तर रेल्वेच्या रुळाचा तुकडा मिळवा, हा सल्ला या छंदात जगभर दिला जातो, आणि आपल्याकडं कुणीतरी तो हमखास कानात सांगतो. मलाही एकानं 'आणून देतो' म्हटलं होतं. भल्या माणसांनो, आपल्याकडं यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. चोरीचा संशय असलेली रेल्वेची मालमत्ता तुमच्या ताब्यात सापडली तर ती रीतसर मिळाली हे तुम्हाला दाखवावं लागतं, नाहीतर पाच वर्षांपर्यंत कैद. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते, त्याची कागदपत्रं असतात. फुकटातला रूळ म्हणजे कुणीतरी रात्री कापलेला रूळ असू शकतो, एवढं साधं आहे. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप भट्टीत घालणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरते, आणि मग फुकटच्या पाइपाचा हिशोब डॉक्टर करतो.

असो. हे सगळं किरकोळ. लाज वाटली ती ऐरणीची.

रूळ नाकारला आणि ऐरण हवी होती. नवी चांगली पोलादी ऐरण महाग, आणि स्वस्तात मिळतात त्यातल्या बऱ्याच बिडाच्या, ऐरणीच्या आकाराचं नुसतं ओझं. वर्षभर शोधत होतो. एके दिवशी भंगारवाल्याचा फोन, "या, तुमचं काम झालं." जाऊन बघतो तर ढिगात एक ठेंगणी चौकोनी ऐरण, खाली जमिनीत गाडायचा खुंट, तोंड आरशासारखं गुळगुळीत. हातोडी टाकली तर अशी उडाली की मला नाचावंसं वाटलं. काट्यावर ठेवली, अठ्ठावीस किलो. पस्तीसच्या भावानं नऊशे ऐंशी रुपये. मी तो नऊशे ऐंशीचा किस्सा किती जणांना सांगितला असेल! 'लॉटरी लागली' असंच म्हणायचो.

दोन वर्षांनी बायपासला पाल टाकलेल्या एका घिसाडी कुटुंबाची ओळख झाली. पाट्याचा कोयता करत होते. नवरा सांडशीत पाटा धरून बसलेला, बायको उभी राहून घण घालत होती. घिसाड्यांत घण बाईच्या हातात असतो हे ऐकून माहीत होतं, पण तिचा नेम बघायला तिथं उभंच राहावं लागतं. नवरा हातातल्या लहान हातोडीनं नुसता टिचकी मारून जागा दाखवतो आणि घण बरोबर तिथं पडतो. बोलणं नाही. मी सात वर्षं रविवारचा लोहार आहे, माझा तिसरा घाव अजून भरकटतो.

ओळख वाढली, एकदा ते माझी शेड बघायला आले. भट्टीकडं त्यांनी फारसं बघितलं नाही. ऐरणीपाशी बसले, तोंडावरनं तळवा फिरवला, डाव्या कडेला पडलेल्या उताराला अंगठा लावला आणि म्हणाले, "ही आमच्यातली हाय. डावखुऱ्याची." मग कितीला घेतली विचारलं. मी सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "पोट भरंना झालं की आधी घण जातोय, मग सांडश्या. ऐरण शेवटाला. ऐरण गेली म्हंजे गडी ह्यातनं उठला."

माझी लॉटरी ती ही होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण बोलता बोलता कळलं की ते पूर्वी त्याच भंगारवाल्याकडनं पाटे न्यायचे. आता चांगले पाटे मिळत नाहीत, "कोण तरी सायब हाईत, त्येंच्यासाठी काढून ठेवत्यात." तो साहेब मी. किलोमागं दहा-पंधरा रुपये जास्त देतो म्हणून माझ्यासाठी निवडून ठेवलेला पाटा. माझ्या रविवारच्या सुरीसाठी, जी कुणीच वापरत नाही, भिंतीवर लटकते. त्यांच्या कोयत्यानं ऊस तुटतो.

आता या छंदातले माझे मित्र चिडतील. त्यांचं म्हणणं मला पाठ आहे. एक, बाजार आहे, जो जास्त देतो तो नेतो. दोन, घिसाड्यांचा धंदा आमच्यामुळं नाही बसला. हे दुसरं खरं आहे. बैल गेले, ट्रॅक्टर आले, नांगराचा फाळ शेवटायचं काम आटलं, कोयते-खुरपी कारखान्यातनं येतात. त्यात पाल टाकायला जागा नाही, आज इथनं उठवतात, उद्या तिथनं. आम्ही चार हौशी माणसं या हिशोबात कुठंच बसत नाही. मान्य. पण तिसरं म्हणणं जे आहे, ते मी ऐकून घेणार नाही: 'आम्ही मरणारी कला जिवंत ठेवतोय.'

कुणाची कला? मेली कुठं? ती बायपासला पालासमोर बसलीय, गिऱ्हाइकाची वाट बघत. गावगाड्यात लोहाराला निदान बलुतं होतं, घिसाड्याला तेही नाही. गावाबाहेर पाल, काम संपलं की पुढचं गाव. सरकारी यादीत भटकी जमात. आमच्यातलाच एखादा शिबिर भरवून दोन दिवसांचे पाच-पाच हजार घेतो, गळ्यात चामड्याचा एप्रन घालून फोटो काढतो, त्याला आपण कारागीर म्हणतो. आणि ज्याच्या हातात पिढ्यांचं पाणी देणं आहे, जो डोळ्यानं पोलादाचा रंग बघून सांगतो की आता काढ, त्याच्याशी आपण खुरप्याच्या दहा रुपयांवर घासाघीस करतो. मीही केलीय. त्यांनी मला एक सांडशी करून दिली, चारशे म्हणाले, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "तीनशेला द्या की." दिली त्यांनी. अजून ती सांडशी हातात घेतली की ते शंभर रुपये आठवतात.

म्हणून भंगारातनं काही घेऊच नये का? तसं मी म्हणत नाही. हे गावच जुन्या सामानावर उभं राहिलंय. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी मुंबईच्या चोरबाजारातनं जुना प्रोजेक्टर आणला, यंत्र समजून घेतलं आणि कॅमेरा करायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन १९१८ मध्ये तो पुरा केला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी गडावर पडून असलेल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. या दोन्ही गोष्टी आम्ही कोल्हापूरकर अभिमानानं सांगतो, मीही सांगतो. पण त्या तोफा किर्लोस्करांनी कुणा तोफवाल्याच्या पोटावरनं उचलल्या नव्हत्या. जुनं घ्यावं, जरूर घ्यावं. वितळायचं लोखंड किलोनं घ्या. अवजार मात्र किलोनं घेऊ नका. ज्याच्यावर अजून काम होऊ शकतं, ज्याच्या तोंडाला कुणाच्या तरी डाव्या हाताचा उतार आहे, ते कुणाचं होतं एवढं विचारा, आणि ज्याला त्याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे असा माणूस पाच किलोमीटरवर असेल तर आधी त्याला विचारा.

मी भंगारवाल्याला सांगितलंय की पाटे माझ्यासाठी काढून ठेवू नका. तो म्हणाला, "मग कोण दुसरा नेईल की साहेब, हायतच तुमच्यासारखे." बरोबर आहे त्याचं. ऐरण मी त्या दादांना द्यायला गेलो तर त्यांनी घेतली नाही. त्यांची त्यांना आहे, दोन ऐरणी पालात ठेवून करायचं काय, वाहून कोण नेणार. डावखुरा कुठला तेही त्यांना माहीत नाही. तेव्हा ती माझ्याकडंच आहे. नऊशे ऐंशीचा किस्सा सांगायचं बंद केलंय.

परवा त्या मुलांतल्या एकाचा फोन आला, भंगारवाल्याचा पत्ता हवा होता. दिला. पण आधी बायपासच्या पालाची खूण सांगितली आणि म्हटलं, सांडशी तिथं करून घे, चारशे पडतील, चारशेच दे, आणि मावशी घण घालत असताना मोबाइल खिशात ठेव.