ऋण काढून ईद

रमजान हा उपवासाचा महिना. पहाटे सहेरीनंतर सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटही नाही. म्हणजे घरखर्च निम्म्यावर यायला हवा. प्रत्यक्षात आमच्या घरात या महिन्याचे किराणा बिल इतर महिन्यांच्या दीडपट होते, आणि ईदच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानदार काकांची वही समोर येते. काका एकदा सहज म्हणाले होते, "तुमचा रमजान आणि आमची दिवाळी, वहीत दोन्ही सारखेच दिसतात."

तेव्हा मी हसलो. हसू उतरले ते काही वर्षांपूर्वी, जकातीचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा.

जकात म्हणजे ऐपत असलेल्या मुसलमानाने वर्षाकाठी गरजूंना द्यायचा हक्काचा वाटा. त्याचा हिशेब साधा असतो. रोख, बँकेतली शिल्लक, सोने-चांदी, दुकानातला माल आणि परत येणारी उसनवारी यांची बेरीज करायची. राहते घर आणि रोजच्या वापरातल्या वस्तू त्यात धरत नाहीत. त्या बेरजेतून देणे वजा करायचे. उरलेली रक्कम 52.5 तोळे, म्हणजे 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी किंवा तिच्याहून जास्त असेल आणि ऐपतीला चांद्र वर्ष पूर्ण झाले असेल, तर अडीच टक्के द्यायचे. लाखाला अडीच हजार. (दागिन्यांबाबत हनफी आणि शाफई पंथांत मतभेद आहे; तो आपापल्या मौलानांना विचारावा.)

आधी मी अंदाजाने रक्कम काढून मोकळा व्हायचो. त्या वर्षी मशिदीत वाटलेला छापील कागद घेऊन बायकोसमोर बसलो. डावीकडची बाजू लवकर संपली. उजवीकडे मात्र किराण्याची उधारी, मित्राकडून घेतलेले हातउसने, मोबाइलचे हप्ते, पोराच्या क्लासची अर्धी फी असे एकेक निघत गेले. वजाबाकी शून्याच्या खाली गेली. बायको बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आता आपण जकात देणारे नाही, घेणारे झालो की काय?"

ती थट्टा नव्हती. जकात ज्यांना देता येते त्या आठ प्रकारच्या लोकांत कर्जात बुडालेला माणूसही येतो. पगारदार, नीटनेटक्या कपड्यातला, दरवर्षी चार लोकांना इफ्तारला बोलावणारा माणूस आपण कोणत्या रांगेत उभा आहे हे जाणत नव्हता, कारण त्याने कधी लिहूनच पाहिले नव्हते.

माझे मत असे की आपल्याकडे कमाई कमी असणे हे दुःख खरे असले तरी अनेक घरांत त्याच्या जोडीला न लिहिण्याचे दुखणे असते. आणि हे आम्ही मुसलमानांनी तरी करू नये. कुराणातली सर्वांत लांब आयत स्वर्ग-नरकाविषयी नाही; उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, याविषयी आहे. सूरह बकरामधली ही 282वी आयत. जिथे तराविहच्या नमाजात पूर्ण कुराण ऐकवले जाते, तिथे ती पहिल्या काही रात्रींतच येते. हात बांधून आम्ही ती ऐकतो, आणि सकाळी कुणाकडून पाचशे घेतो ते लक्षात ठेवू म्हणतो. व्याज नको म्हणून बँकेच्या ठेवीपासून लांब राहणारे लोक ईदच्या कपड्यांसाठी आठवडी हप्त्याचे कर्ज काढतात, हेही मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. कपडे पोरांचे असतात, हट्ट बहुधा मोठ्यांचा असतो.

त्या वर्षापासून आम्ही शंभर पानी वही घातली. पहिल्या महिन्यात काही वाचवायचे नाही, फक्त लिहायचे, असे ठरवले. रमजानची पाने सर्वांत बोलकी निघाली. मोठी रक्कम कपड्यांत जाते असा माझा समज होता. ती जात होती असरच्या नमाजानंतर, रोजा सुटायच्या तासभर आधी बाजारात मारलेल्या फेरीत. त्या वेळी कलिंगड एक पुरत नाही, समोसे सहा पुरत नाहीत, सरबताची बाटली घरी आहे हे आठवत नाही. यातले निम्मे इफ्तारनंतर तसेच राहते. उपाशी माणसाने बाजार करू नये. आता फळे सकाळी येतात, यादी करून.

दुसरी अडचण चंद्राची. पगार इंग्रजी तारखेला होतो, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. 2024 मध्ये आपल्याकडे ईद 11 एप्रिलला होती, 2025 मध्ये 31 मार्चला. पगाराच्या तोंडावर, खिसा रिकामा असताना. 2030 मध्ये तर रमजानची सुरुवात एकाच वर्षात दोनदा होईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेरीस. म्हणून रमजान-ईदचा जादा खर्च, समजा 18 हजार, आम्ही बारा चांदांत वाटला. नवा चांद दिसला की दीड हजार डब्यात. बारा चांद झाले की रमजान येतोच, तो जानेवारीत येवो की जूनमध्ये. गणपती-दिवाळीला हाच उपाय इंग्रजी महिन्यांनी करता येईल; अधिक मास आला तर दिवाळी थोडी उशिरा येते, इतकेच.

डबा दोनदा फुटला, हेही सांगितले पाहिजे. एकदा आजारपणात, एकदा मेहुण्याच्या लग्नात. दुसऱ्या वेळी फुटायला नको होता.

यंदाच्या वहीत मुलीने पहिल्या ओळीवर फितरा लिहिला आहे, घरातल्या पाच माणसांचा. तो ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या हाती पोहोचला पाहिजे, म्हणून तो वर. त्याखाली काकांची राहिलेली बाकी, 2,300 रुपये. मग शिरखुर्म्याचे दूध, शेवया, खारीक, चारोळी. कपड्यांची ओळ अजून कोरी आहे. काकांचे चुकते केल्यावर डब्यात किती उरतात ते पाहून ती भरू.