सीतेचा अशोक कोणाच्या अंगणात?

अशोकवन म्हटले की रावणाच्या बंदिवासातील सीतामाईची मूर्ती प्रत्येक हिंदू मनापुढे उभी राहते. परंतु वसाहतीच्या कुंपणालगत खांबासारखे सरळ वाढलेले जे झाड आपण मुलांना 'अशोक' म्हणून दाखवतो, तो अशोक नव्हेच, तो आसुपालव. खरा सीताअशोक नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस मिरवणारा, घनदाट सावलीचा वृक्ष आहे. औषधासाठी त्याची साल इतकी ओरबाडली गेली की जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी झाली आणि बाजारात त्याच्या नावाने आसुपालवाची साल खपू लागली. ज्या समाजाला आपल्या पुराणातला वृक्ष ओळखता येत नाही, तो त्याचे रक्षण काय करणार?

प्रश्न एकट्या अशोकाचा नाही. कर्करोगावरील औषधांचे मूळ द्रव्य देणारा नरक्या सह्याद्रीतून चोरट्या तोडीने उपसला गेला. रानभेंडी हा लहानसा वृक्ष फक्त पश्चिम घाटात आढळतो आणि तिच्या प्रजातीत तेवढी एकच जाती आहे. ती गेली तर जगाच्या पाठीवरून एक अख्खी प्रजातीच पुसली जाईल.

यावर कोणी म्हणेल, बिया जपून ठेवा. धान्याच्या बिया वाळवून शीतगृहात ठेवता येतात हे खरे. पण सदाहरित अरण्यातील अनेक वृक्षांच्या बिया वाळवल्या की मरतात. रानजायफळाच्या कुळातले वृक्ष याच जातकुळीचे. त्यांच्यासाठी पेढी एकच, जिवंत झाड! जंगलाबाहेर ते जिथे जोपासायचे ती जागा म्हणजे वनस्पती उद्यान. तेथेही एकुलते एक झाड लावून भागत नाही. निरनिराळ्या मातृवृक्षांपासूनची रोपे, प्रत्येकाची मूळ स्थानाची नोंद, आणि एकाच जातीचा संग्रह दोन-तीन ठिकाणी, एवढे तरी हवेच. मे २०२० च्या अम्फान चक्रीवादळाने हावड्याच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातील शेकडो झाडे एका रात्रीत आडवी केली. सारी पुंजी एकाच पेटीत ठेवणाऱ्याचे काय होते, याचा हा धडा आहे.

हे उद्यान १७८७ साली कंपनी सरकारने स्थापिले, ते आपल्या वनश्रीच्या प्रेमापोटी नव्हे. जहाजांसाठी साग आणि व्यापारासाठी मसाले हा त्यामागील हिशेब होता. त्याआधी शंभर वर्षे मलबारच्या डच अधिकाऱ्याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, तो इट्टी अच्युतन वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी ब्राह्मणांच्या ज्ञानाच्या आधारावर. त्या तिघांची नागरी लिपीतील साक्ष ग्रंथात छापलेली आहे. परकीयांना आपल्या झाडांचे मोल कळले. स्वतंत्र भारतातील नोकरशाहीला ते केव्हा कळणार?

पैसा नाही, ही सबब आता चालणार नाही. वनभूमीच्या मोबदल्यात जमा झालेल्या निधीतून २०१९ साली केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम सुपूर्द केली. त्यातून दुर्मीळ देशी वृक्षांच्या संग्रहासाठी स्वतंत्र, कायम तरतूद का होऊ नये? खड्ड्यांची संख्या मोजता येते, छायाचित्रे छापता येतात. माळ्याची वीस वर्षांची निगा छायाचित्रात येत नाही, म्हणूनच ती अंदाजपत्रकातही येत नाही! मुंबईच्या राणीच्या बागेत दीडशे वर्षांहून जुनी वृक्षसंपदा आहे. ती 'आधुनिकीकरणा'च्या आराखड्यांतून वाचवण्यासाठी नागरिकांना २००७ पासून झगडावे लागले. मात्र त्याच बागेत २०१६ साली शीतगृह उभारून पेंग्विन आणण्यास महापालिकेला पैसा कमी पडला नाही.

येथे स्वकीयांनाही दोन शब्द ऐकवणे आमचे कर्तव्य आहे. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला. २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम' हे भावस्पर्शी अभियान देशभर चालू आहे. हेतू निःसंशय शुद्ध. पण आईच्या नावाने लावायचे झाड मादागास्करचा गुलमोहोर असावे की ऑस्ट्रेलियाचे निलगिरी? रोपवाटिकेत सीताअशोकाचे अस्सल रोपच नसेल, तर कार्यकर्ता बिचारा काय लावणार? वनस्पती उद्याने सुदृढ असतील तरच रोपवाटिकांना खात्रीचे बी-रोप मिळेल. मूळ सुकले असताना फांदीला पाणी घालून काय उपयोग?

आपल्या पूर्वजांनी हे काम अनुदानावाचून केले. त्यांनी देवाच्या नावाने राई राखली आणि कुऱ्हाड वेशीबाहेर ठेवली. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथील रानजायफळांची पाणथळ राई गावकऱ्यांच्या याच श्रद्धेने टिकली. २०२१ साली शासनाने तिला जैवविविधता वारसास्थळ घोषित केले. ती राई जेमतेम अडीच हेक्टरांची आहे! एक वणवा किंवा एक रस्ता तिला पुरेसा आहे. म्हणूनच देवराई आणि वनस्पती उद्यान ही एकमेकांना पूरक अंगे मानली पाहिजेत.

आमची मागणी साधी आहे. वनीकरण निधीचा निश्चित हिस्सा वनस्पती उद्यानांतील देशी वृक्षसंग्रहांसाठी राखून ठेवावा. तो एका वर्षाचा नसावा, किमान वीस वर्षांचा असावा. विद्यापीठांच्या उद्यानांत जाणकार माळ्यांची आणि वनस्पतितज्ज्ञांची पदे कायम भरावीत. कोणत्या उद्यानात कोणता दुर्मीळ वृक्ष किती संख्येने आहे, याची सूची जनतेसमोर मांडावी. आणि आपण? येत्या रामनवमीपूर्वी आपल्या गावात खरा सीताअशोक कुठे आहे, हे मुलांना बरोबर घेऊन शोधावे. सापडला तर त्याची राखण करावी. सापडला नाही, तर का नाही, हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला, पक्ष कोणताही असो, विचारल्यावाचून राहू नये.