गाडी कुणाच्या नावावर? अपंगांची मोटार, सवलत आणि हक्क

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सणासुदीच्या तोंडावर वृत्तपत्रांची पाने मोटारींच्या जाहिरातींनी भरून गेली आणि मध्यमवर्गाला दिवाळीची भेट मिळाल्याचा मोठा गाजावाजा झाला. कर कमी झाला याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. परंतु या गाजावाजात एका घटकाच्या पदरात काय पडले, याचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही. तो घटक म्हणजे कुबडी, कॅलिपर किंवा व्हीलचेअर यांच्या आधाराने जगणारा अपंग माणूस.

हिशेब साधा आहे. २०१७ साली जीएसटी लागू झाला तेव्हा अस्थिव्यंग व्यक्तीला छोटी मोटार १८ टक्के कराने देण्याची तरतूद झाली. इतरांना त्याच गाडीवर २८ टक्के कर होता आणि वर उपकर, पेट्रोल गाडीला १ टक्का व डिझेल गाडीला ३ टक्के. म्हणजे करापूर्वी ५ लाख रुपये किंमत असलेल्या पेट्रोल गाडीवर इतरांना १ लाख ४५ हजार रुपये कर पडे, तर अपंगाला ९० हजार. ५५ हजारांचा हा फरक मिळवण्यासाठी त्याला किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला, केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाचे प्रमाणपत्र आणि ५ वर्षे गाडी विकणार नाही असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. आता सर्वांनाच १८ टक्के. अपंगाला गाडी पूर्वी ज्या कराने मिळत होती, त्याच कराने आजही मिळते. फरक मात्र शून्य झाला.

कुणी म्हणेल, तुमचे नुकसान काय झाले? नुकसान असे की ही सवलत म्हणजे दान नव्हते. धडधाकट माणूस शोरूममधून गाडी घेतो आणि चालवत घरी नेतो. अपंगाला तीच गाडी घेऊन पुन्हा खर्च करावा लागतो. पायाचा ब्रेक व ॲक्सिलरेटर हाताने चालवता यावा म्हणून दांडा बसवायचा, उजवा पाय निकामी असेल तर ॲक्सिलरेटर डावीकडे आणायचा, क्लच दाबता येत नसेल तर ऑटोमॅटिक गिअरची महाग गाडी घ्यायची. या जादा खर्चाची थोडीफार भरपाई त्या सवलतीतून होत असे. जादा खर्च तसाच राहिला आणि भरपाई तेवढी गेली.

मोठ्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. सवलत होती ती ४ मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाडीलाच. व्हीलचेअर घडी करून डिकीत ठेवायची तर छोट्या गाडीत जागा पुरत नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणून सीएनजी घ्यावा, तर डिकीत टाकी बसते आणि व्हीलचेअर घरी राहते. मोठी गाडी घ्यायला जावे तर तिच्यावर आज ४० टक्के कर आहे. सरकारच्या लेखी ती चैनीची वस्तू. व्हीलचेअर ठेवायला जागा असणे ही कुठली चैन?

येथे शब्दाचाही खुलासा केला पाहिजे. आम्ही ‘अपंग’ लिहितो. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि सरकारी पाट्या बदलल्या. ‘हरिजन’ म्हटल्याने पाणवठा खुला झाला नव्हता, हे आमच्या वाचकांना कुणी नव्याने सांगायला नको. गोड नावाने हक्काची जागा भरून निघत नाही.

आता आमच्यातलेच काही जण विचारतील, चारचाकी हा आपल्या समाजाचा प्रश्न आहे काय? ज्यांना तीनचाकी सायकल मिळायची पंचाईत, त्यांनी मोटारीच्या गोष्टी कशाला कराव्यात? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सविस्तर दिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग आहेत आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के खेड्यात राहतात. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. हा फरक नशिबाचा नाही. कुपोषण, धोक्याची कामे, वेळेवर न मिळालेला औषधोपचार यांतून तो आला आहे. म्हणजे अपंगत्वाचा प्रश्न आमच्या वस्तीत इतरांपेक्षा अधिक घरांत आहे. आरक्षणामुळे शिक्षक, लिपिक, बँक कर्मचारी झालेले अपंग बंधू-भगिनी आज आहेत आणि त्यांना रोज कामावर पोचायचे आहे. एसटीत अपंगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, हे चांगलेच. परंतु एसटीची पहिली पायरी चढायची कशी? जो गाडीत चढूच शकत नाही, त्याला तिकिटाच्या सवलतीचा काय उपयोग? सार्वजनिक वाहतूक सर्वांना चढता येईल अशी होत नाही तोवर अपंगाची स्वतःची गाडी, मग ती मोटार असो वा बाजूला चाके जोडलेली स्कूटर, ही गरजच राहणार.

गाडीचा आणि माणुसकीचा संबंध आम्हाला नवा नाही. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले तेव्हा टांगेवाल्यांनी अस्पृश्याला नेण्यास नकार दिला. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने टांगा हाकला, मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी ही हकिकत नोंदवली आहे. वाहन मिळाले म्हणजे प्रवासाचा हक्क मिळाला असे होत नाही, हे त्या टांग्याने शिकवले. नेमका हाच धडा आजच्या एका प्रश्नाला लागू पडतो.

तो प्रश्न असा: गाडी विकत घ्यावी की भाडेपट्ट्याने? गेल्या काही वर्षांत मोठ्या मोटार कंपन्यांनी आपल्याकडे लीजची टूम काढली आहे. एकरकमी पैसे भरू नका, दरमहा भाडे द्या, विमा व दुरुस्ती आम्ही बघू, मुदत संपली की गाडी परत करा, असा तो व्यवहार. वरवर पाहता अपंगाला तो सोयीचा वाटतो. ज्याचा आजार वाढत जाणारा आहे, आज कुबडीवर असलेला उद्या व्हीलचेअरवर येणार आहे, त्याला ३ वर्षांनी वेगळी गाडी लागते. विकत घेतलेली, बदल केलेली गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. ही भाडेपट्ट्याची जमेची बाजू आम्ही नाकारत नाही.

परंतु आपल्या देशात या व्यवहाराची खर्चाची बाजू भारी आहे. पहिली गोष्ट, नोंदणी पुस्तकावर नाव कुणाचे? भाडेपट्ट्यात मालक कंपनी असते. आपल्याकडच्या सवलती मालकीला चिकटलेल्या आहेत. जीएसटीची सवलत अपंग खरेदीदाराला होती. अनेक राज्यांत रस्ता करातील सूट मिळते ती अपंगाच्या नावावरील गाडीला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नोंदणीच्या अर्जात अपंग मालकाची वेगळी नोंद करण्याची सोय केली, कारण ती नोंद नसल्याने हक्काची सूटही हातची जात होती. कंपनीच्या नावावरच्या गाडीत ही नोंद येणार कुठून?

दुसरी गोष्ट बदलाची. अपंगाच्या सोयीसाठी गाडीत फेरबदल केले की आरटीओची मंजुरी घेऊन त्याची नोंद करावी लागते. हा अर्ज मालकाने करायचा असतो. गाडी जशी दिली तशीच परत करा, ही भाडेपट्ट्याची सर्वसाधारण अट. जी गाडी बदलता येत नाही ती हातावर गाडी चालवणाऱ्याच्या काय कामाची? राष्ट्रीय महामार्गावरील टोलमाफीचा २००८ चा नियमही अपंगासाठी खास बनवलेल्या वाहनालाच लागू आहे. म्हणजे बदल नाही तर ती माफीही नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. दरमहाच्या भाड्यावर जीएसटी द्यावा लागतो. कंपनी पगाराची पावती मागते. फेरीवाला, शिवणकाम करणारी, शेतमजूर यांना ती दारातच उभे करत नाही. आणि मुदत संपल्यावर इतके हप्ते भरूनही हातात काहीच उरत नाही. म्हणून आजच्या स्थितीत ज्याला गाडीत बदल करावा लागणार आहे त्याने कर्ज काढून का होईना, गाडी स्वतःच्या नावावर घ्यावी, असेच आमचे मत आहे. फेरबदलाची नोंद आरटीओत व विम्याच्या कागदावर दोन्हीकडे करून घ्यावी, नाहीतर अपघातानंतर भरपाईच्या वेळी तोच मुद्दा अंगावर येतो. ज्याला फेरबदलाची गरज नाही, गाडी घरातील दुसरे कुणी चालवणार आहे आणि पगार नियमित आहे, त्याने भाडेपट्ट्याचा विचार जरूर करावा, पण सही करण्यापूर्वी मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड किती, हे वाचून घ्यावे.

मग भाडेपट्टा ही वाईटच गोष्ट आहे काय? तसे नाही. ब्रिटनचे उदाहरण बघण्यासारखे आहे. तेथे युद्धोत्तर काळात सरकार अपंगांना तीनचाकी छोटी मोटार देत असे. तिच्यात एकच आसन. आई मुलाला घेऊन जाऊ शकत नव्हती, नवरा बायकोला. अपंगांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९७६ मध्ये प्रवास भत्ता सुरू झाला आणि १९७७ मध्ये मोटॅबिलिटी ही योजना उभी राहिली. अपंगाने आपला भत्ता योजनेकडे वळता करायचा आणि साधारण ३ वर्षांसाठी गाडी घ्यायची. विमा, दुरुस्ती, टायर सारे त्यातच. अपंगाला स्वतः चालवता येत नसेल तर त्याने नेमलेला माणूस चालवतो. फेरबदल योजनाच करून देते. म्हणजे तेथे भाडेपट्टा चालला तो कंपनीच्या दयेवर नव्हे, तर पाठीशी कायद्याने मिळालेला भत्ता होता म्हणून. २०२५-२६ या वर्षात वरच्या दराचा हा प्रवास भत्ता आठवड्याला ७७ पौंडांवर होता, म्हणजे ८ हजार रुपयांहून अधिक. आपल्याकडे तीव्र अपंगत्वासाठी केंद्राची पेन्शन महिन्याला ३०० रुपये. महाराष्ट्रात अपंगांचे अर्थसाहाय्य ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारावरून अडीच हजार रुपये झाले, तेही जगण्यासाठी, प्रवासासाठी नव्हे.

त्या योजनेचा काळा भागही सांगितला पाहिजे. २०१३ पासून ब्रिटनने भत्त्याचे निकष बदलले, पुन्हा तपासण्या सुरू केल्या आणि ज्यांचा भत्ता गेला त्यांच्या दारातली गाडीही गेली. हजारो लोकांवर ही पाळी आली. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात तेथील सरकारने या योजनेच्या करसवलतींनाही कात्री लावली. हक्क सरकारच्या मर्जीवर सोडला की तो कधीही काढून घेतला जातो. तेथे तपासणीने गाडी नेली, येथे दर सुधारणेने सवलत गिळली.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली. त्याच्या कलम ४१ मध्ये अपंगांना परवडेल अशा खर्चात वैयक्तिक प्रवासाची सोय व्हावी म्हणून सरकारने सवलती, वाहनांतील फेरबदल आणि प्रवासासाठी मदत यांच्या योजना कराव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. संविधानाचे अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क देते आणि अनुच्छेद ४१ विकलांगतेच्या वेळी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, ते ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असा निकाल दिला. कागद भरपूर आहेत. अंमलबजावणी कुठे आहे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सवलत गाडीच्या मालकीला नव्हे, अपंग व्यक्तीला जोडा, म्हणजे तो गाडी विकत घेवो की भाड्याने, हक्क त्याच्याबरोबर जाईल. छोट्या गाडीवरील गेलेला फरक भरून काढा आणि व्हीलचेअर नेणाऱ्या मोठ्या गाडीला चैनीच्या करातून वगळा. सवलत अस्थिव्यंगांपुरती न ठेवता, अंध, बहुविकलांग, स्नायूंच्या आजाराचे रुग्ण अशा ज्यांना सार्वजनिक वाहनाने जाता येत नाही त्या सर्वांना द्या. ज्याला गाडी घेणे शक्यच नाही त्याला प्रवास भत्ता द्या. फेरबदलाची मंजुरी जिल्ह्याच्या आरटीओत ठरलेल्या मुदतीत मिळू द्या. आणि एसटीच्या प्रत्येक नव्या गाडीत व्हीलचेअर चढेल अशी सोय करा.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातील ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा आहे. तो आपल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत कशावर खर्च झाला, हे विचारायला कार्यकर्त्यांनी आजच सुरुवात करावी. आपल्या वस्तीत अपंग किती, कुणाला दाखला मिळाला नाही, कोण घराबाहेर पडू शकत नाही, याची यादी प्रत्येक शाखेने करावी. मोर्चात जे चालू शकत नाहीत त्यांचा प्रश्न मोर्चाने उचलला नाही तर तो उचलणार कोण?