आधी शेअर्ड मेमरी मोजा, मग रॅम मागा

दिंडोशी मेट्रो स्थानकावर उतरून हायवेलगतच्या ऑफिसांत सर्व्हर सांभाळायला जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एक कळकळीची विनंती आहे. लिनक्स क्लस्टरवर मेमरी भरल्याचा इशारा आला की लगेच रॅमची मागणी पुढे पाठवू नका. आधी शेअर्ड मेमरी मोजा.

'टॉप'मध्ये प्रत्येक प्रोसेससमोर दिसणाऱ्या आरएसएसची बेरीज करू नका. जिन्यातल्या दिव्यांचं सगळं बिल सोसायटीतल्या प्रत्येक घराने आपल्याच वहीत मांडलं तर जी गत होईल, तीच त्या बेरजेची होते. समजा, 20 प्रोसेस प्रत्येकी 2 जीबी दाखवतात आणि त्यातले 1.5 जीबी सर्वांचे सामाईक आहेत. बेरीज येते 40 जीबी. खरा वापर असतो 11.5 जीबी. पीएसएस हा आकडा सामाईक भाग वाटून मोजतो. लिनक्स 4.14 पासून तो 'प्रॉक'मध्ये प्रत्येक प्रोसेसच्या 'स्मॅप्स_रोलअप' फाइलीत मिळतो. बेरीज त्याचीच करा.

याच्या उलटही फसगत होते. 'फ्री'मधला बफ/कॅशचा मोठा आकडा पाहून आपण निर्धास्त होतो. पण शेअर्ड मेमरीही त्यातच धरलेली असते आणि ती साध्या कॅशसारखी टाकून देता येत नाही. म्हणून 'शेअर्ड' आणि 'अव्हेलेबल' हे दोन रकाने नेहमी सोबत वाचा.

/डेव्ह/एसएचएम कडे तर रोज लक्ष हवं. त्याची मर्यादा सहसा रॅमच्या निम्मी असते. डॉकरच्या कंटेनरमध्ये मात्र मुळात फक्त 64 एमबी. कोरोसिंक आणि पेसमेकर आपले अंतर्गत निरोप लिबक्यूबीमार्फत इथल्याच फाइलींतून देतात. प्रत्येक जोडणीला मागणी, उत्तर आणि घटना असे तीन बफर लागतात. म्हणून अंदाज सोपा आहे: जोडण्यांची संख्या गुणिले तीन गुणिले बफरचा आकार. जागा संपली की नव्या जोडण्या होत नाहीत आणि धडधाकट नोडही आजारी दिसू लागतो.

'डीएफ' आणि 'आयपीसीएस -एम' या आज्ञांचे आकडे क्लस्टर सुरळीत असतानाच नोंदवून ठेवा. वापर 70 टक्क्यांवर गेला की इशारा यावा, अशी सोय करा. 'क्यूबी-' नावाच्या जुन्या फाइली साचलेल्या दिसल्या, तरी चालू क्लस्टरवर त्या पुसू नका. कोणती प्रोसेस त्या वापरते आहे ते आधी तपासा.

ही नोंद शिफ्ट बदलताना पुढच्या सहकाऱ्याच्या हाती द्या. रात्री अडीच वाजता फोन वाजेल तेव्हा त्याला तर्क लढवावे लागू नयेत. आजच्याच शिफ्टमध्ये पहिली नोंद करा.