किल्ली कुणाच्या हाती?

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. आपण सर्वांनी श्रीमंतांच्या नावाने बोटे मोडली. मोडायलाच हवीत! पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात आपलीच दहावीतली पोरे बापाच्या गाडीवर ट्रिपल सीट फिरतात, हे आम्ही रोज पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९९-अ पालकाला वा गाडीमालकालाच धरते. दंड २५ हजार, कैद तीन वर्षांपर्यंत, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या बांधवाने हप्त्यावर घेतलेली गाडी अशी बसली, तर कामावर जायचे कसे? ‘कोपऱ्यावरून दूध आण’ म्हणून किल्ली देणाऱ्या मायबापांनो, दुकान चालत पाच मिनिटांवर आहे.