वारा फुकट, रस्ता महाग

ठोसेघरचा धबधबा बघून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांसोबत फोटो काढलाच असेल. नसेल, तर कुठल्या ग्रहावर राहता, बॉस? पण ही धुडं साताऱ्याच्या त्या पठारांवर चढली कशी?

टॉवर तुकड्यांत येतो, वर बोल्टांनी जोडतात. पातं मात्र सहसा अख्खंच न्यावं लागतं. जवळच्या वनकुसवडे पठारावरच्या अनेक जुन्या चक्क्या ३५० किलोवॅटच्या. पातं साधारण १६ मीटर, लोकलच्या डब्याहून आखूड. सुझलॉनच्या २.१ मेगावॅटच्या एस-८८ चं पातं ४३ मीटरच्या आसपास. म्हणजे लोकलचे दोन डबे, आणि मध्ये सांधा नाही! घाटातल्या वळणावर फिरवून दाखवा. ट्रेलरची मागची चाकंही वळवावी लागतात. तरी जमलं नाही, तर डोंगर कापा, कुणाचा तरी बांध हलवा.

२०१६ मध्ये केंद्र सरकारनं १ मेगावॅटपर्यंतच्या जुन्या चक्क्यांच्या जागी मोठ्या बसवण्याचं धोरण आणलं. कारण भन्नाट वाऱ्याच्या कित्येक जागा या जुन्यांनीच अडवल्यात. मोठी चक्की म्हणजे लांब पातं, आणि घाट तोच.

तेव्हा वीकेंडला अशा ट्रेलरमागे अडकलात, तर हॉर्न जरा आवरा. तुमच्या एसीची वीजच वर चढत असेल.