तपासणी कोणत्या बोलीत?

‘शब्दसंपत्ती वयाच्या मानाने कमी’ हा शेरा आपल्या अहवालांत फार सहज पडतो. मुलाला कोणत्या भाषेतले शब्द विचारले, याची नोंद मात्र त्याच अहवालात क्वचितच सापडते. औंढा नागनाथ तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचे तीन वर्षांचे मूल भाकरीचे चित्र पाहून ‘बाटी’ म्हणते, बाळाला कडेवर घेतलेल्या आईला ‘याडी’ म्हणते. त्याच्या घरी गोरमाटी बोलतात आणि त्याची दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. आपल्या तक्त्यात दोन्हींपुढे शून्य पडते. शेजारच्या गावातले, मराठी घरातले मूल ‘पानी’ आणि ‘कोन’ म्हणते, की लगेच ‘ण’चा उच्चार सदोष. त्याची आई, आजी, अंगणवाडीच्या बाई सगळ्या ‘पानी’च म्हणतात. हा बोलीचा नियम आहे, जिभेचा दोष नव्हे. त्यावर तीन महिने घालवणे म्हणजे त्या आईचे तीन महिन्यांचे रोज वाया घालवणे.

या चुकीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ज्या मुलाला खरोखर भाषिक अडचण आहे, त्याच्याबद्दल ‘मराठी येत नाही, शाळेत गेले की शिकेल’ असे म्हणून आपण त्याला परत पाठवतो. भाषेचा खरा विकार एकाच भाषेत दिसून दुसरीत लपत नाही. तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. म्हणून घरच्या बोलीतच विचारायला हवे. दोन शब्द जोडते का? ‘चप्पल घे नि आजीला दे’ असे दोन टप्प्यांचे सांगणे कळते का? हवे ते बोटाने दाखवते का? आपल्याला गोरमाटी येत नसेल तर प्रश्न आईने विचारावा आणि आपण मुलाकडे पाहावे.

‘घरात आता एकच भाषा बोला’ हा सल्ला तर आपण बंदच केला पाहिजे. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलते, याला आधार नाही. आईला जी भाषा मोकळेपणाने येत नाही तीत बोलायला लावले की ती कमी बोलते, गाणी आणि गोष्टी थांबतात, आणि मुलाला मिळणारी भाषाच आटते. हिंगोली जिल्ह्याला तर हा सल्ला अजिबात शोभत नाही. नरसीच्या नामदेवांना गुरू विसोबा खेचर औंढ्याच्या देवळात भेटले असे परंपरा सांगते. त्याच नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, तीही मराठीत नव्हेत.

बोलीच्या आधी अर्थातच कान. ‘हाक मारली की बघतो’ एवढ्यावर श्रवण ठीक असल्याचे लिहू नये. पाठीमागून वाजवलेल्या ताटाला वळणारे मूलही ‘स’ आणि ‘श’ न ऐकणारे असू शकते. कान वाहतो का, त्यात तेल घालतात का, लग्न नात्यातले आहे का, हे विचारायलाच हवे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची रीत विचारताना आवाजात दोष देण्याचा सूर नसावा, एवढीच काळजी.

कुटुंबे उशिरा येतात, अशी आपली तक्रार असते. ‘बोलंल की, त्याचा बापबी उशिराच बोलला’ हे आजीचे वाक्य प्रत्येकाने ऐकले आहे. वेखंड उगाळून चाटवण्यात वर्ष जाते, मग जिभेखालची शीर कापून घेण्यासाठी धावपळ. ती शीर आखूड असल्याने काही वेळा दूध ओढायला त्रास होतो, पण दोन वर्षांचे मूल शब्द जोडत नाही याचे कारण तिथे नसते. तरी आजीला हसण्याचे कारण नाही. उशिरा बोलणारी काही मुले खरेच आपोआप सावरतात. मात्र ज्याला सांगितलेले कळत नाही, जे बोट दाखवत नाही, नजर देत नाही, त्याच्याबाबत एक महिनाही थांबू नये. हा फरक आजीला समजेल अशा शब्दांत सांगणे आपले काम आहे.

फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, आणि ठरवलेल्या 30 आजार-विकारांत भाषाविकासातला विलंबही आहे. पण तांड्यांवरची बरीच घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मूल फडावर असते. ज्याची तपासणी होते, त्यालाही पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. औंढ्याहून हिंगोली 25 किलोमीटर. मार्च 2023 पासून एसटीत बाईला अर्धे तिकीट आहे, पण बुडालेला रोज कोणी भरून देत नाही. अशी आई आठवड्यातून दोनदा येणार नाही. ती महिन्यातून एकदा आली, तर त्या एका भेटीत तिच्या हाती काय देतो, त्यावर उपचार ठरतो.

रंगीत कार्डांचा संच देऊ नये. तिच्या दिवसातले एकच काम निवडावे. ती चुलीपुढे भाकऱ्या थापते, मूल शेजारी बसते, आणि त्याने मागायच्या आधीच तुकडा त्याच्या हातात पडतो. तिथे एवढेच बदलायचे: तुकडा मोडायचा, मुलाच्या डोळ्यांसमोर धरायचा, आणि मनात पाचपर्यंत मोजत थांबायचे. त्याने नजर दिली, हात पुढे केला, ‘बा’ म्हटले, काहीही केले की लगेच द्यायचे आणि देताना ‘बाटी’ म्हणायचे. ‘म्हण, म्हण’ असा आग्रह नको. हे आपण तिला समोर करून दाखवावे, मग तिला करायला लावावे. पाच मोजेपर्यंत गप्प राहणे बहुतेकांना जड जाते, आणि सराव त्याचाच हवा. कॅनडातल्या हॅनन कार्यक्रमाने 1975 पासून आईवडिलांनाच शिकवण्याची वाट धरली. आपल्याकडे ती अधिक गरजेची आहे.

हे सारे करायचे तर आपल्या बोलींच्या शब्दयाद्या हव्यात. पुढील अंकापासून त्या छापण्यास आम्ही सुरुवात करत आहोत, पहिली औंढा परिसरातल्या मराठी आणि गोरमाटीची. वाचकांनी आपापल्या तालुक्यातले, दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या तोंडचे शब्द पाठवावेत. सोबत मुलाचे वय, घरची भाषा आणि कानांची तपासणी झाली आहे की नाही, एवढे लिहावे. मुलाचे नाव कळवू नये.